इतर असल्यास

एका फॉर्मला बावीस रुपये.
ट्रेनिंगला पुण्याचे साहेब म्हणाले,
लोकांच्या दारात 'मी आले' म्हणा, 'मी आलो' नको.
बरं, म्हणालो.
आमच्याकडं बायकाही येतो, जातो, दमतो.

गाडी नव्हतीच, चित्र होतं,
प्लास्टिकच्या पिशवीत, पावसापाण्याचं.
दोन दारं, चार सीटा, धूर नाही, आवाज नाही,
एका चार्जात शंभर किलोमीटर.
प्रश्न अठरा. उत्तरं तीनच:
हो, नाही, सांगता येत नाही.

गुजरीत विश्वंभर पोतदारांनी
आधी गाडीची रुंदी विचारली,
मग मान वर न करता बोळाची सांगितली,
इंचासकट.
"आत येईल. दार उघडणार न्हाई.
गिऱ्हाइकानं काचेतनं उतरायचं व्हय?"

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावरची बाई पीठ लागलेल्या हातानं
बाल्कनीतनं खाली बघत राहिली.
वायर केवढी देणार?
आणि खालचे घाटगे त्यांच्या खिडकीवरनं
ती जाऊ देणार का?
हा प्रश्न अठरात नव्हता.

बाबालाल नदाफ रिक्षातनं उतरलाच नाही.
"शंभर किलोमीटर? दुपारपतूर संपलं की.
आणि माणसं चार? शाळेला मी अकरा पोरं नेतो,
दप्तरं धरून बावीस."
वय विचारलं तर त्यानं रिक्षाचं सांगितलं.

मिरजकर तिकटीला एक पोरगा,
बुलेटच्या टाकीवर कोपर टेकून:
"आवाज न्हाई तर आलोय हे कळणार कुणाला?"
मी खूण केली: नाही.
तो म्हणाला, थांबा, आईला विचारून सांगतो.
खोडलं. सांगता येत नाही.

शालन बुचडे, वय एकसष्ट, रिटायर नर्स.
चहा ठेवला, मग चष्मा लावला.
"एकतीस वर्षं ड्युटीवरनं मागच्या सीटवर बसून आलो.
नवऱ्याच्या. मग दिराच्या. मग पोराच्या.
पाठी ओळखतो सगळ्यांच्या.
हिला क्लच हाय?"
नाही, म्हणालो.
"गिअर?"
तोही नाही.
तिचा डावा पाय चपलेतनं बाहेर आला,
फरशीवर जरा थांबला,
परत आत गेला.
किंमत मी दोनदा वाचून दाखवली.
हो. हो.

शेवटी उद्यमनगर.
अण्णाप्पा मगदूमांच्या फाउंड्रीत ओतकाम चाललेलं,
बोलायचं तर ओरडूनच.
त्यांनी फॉर्म घेतला नाही, चित्र घेतलं,
उलटं करून बघितलं, जसं काही
खालनं इंजिन दिसणार होतं.
"लायनर?"
नाही.
"पिस्टन?"
नाही.
"सायलेन्सर तरी?"
आवाजच नाही, मामा.
एकेका नाहीला ते टेबलावरचा एकेक तुकडा
डावीकडं सरकवत गेले.
वाळू सांडत होती, कुणी पुसत नव्हतं.
उजवीकडं एकच राहिलं, काळं, गोल, जड.
"थांबायला लागतंय न्हवं तिला?"
लागतं.
त्यांनी पेन मागितलं.
'इतर असल्यास' या रकान्यात, समासाबाहेर जाऊन:
ब्रेक ड्रम. नमुना आणा. भाव जाग्यावर सांगतो.
आणि फोन नंबर, दोनदा गिरवून.

ऑफिसातलं पोरगं हो-नाही दाबत होतं.
इतर? ते टायपायचं नसतं ताई, मशीन घेत नाही.
पडद्यावर वर्तुळाचे तीन तुकडे झाले,
हिरवा सगळ्यात लहान.
त्यात शालनबाई कुठं, दिसेना.

एक फॉर्म उरला होता.
नाव घातलं. लिंग: स्त्री.
सध्याचं वाहन: केएमटी, नाहीतर पाय.
सतरा प्रश्न झाले,
अठराव्याला पेन टेकवलं
तेवढ्यात साहेबांचा फोन.
निघालात का?
निघालो, म्हणालो.